स्वच्छता पाळूनही न जाणारे शरीरदौर्गंध्य : निदान व चिकित्सा-विचार

प्रस्तावना

अंगाला दुर्गंधी येते ही तक्रार रुग्ण सहसा पहिली सांगत नाही. आधी आम्लपित्त, मग केस गळणे, मग झोप असे विषय होतात आणि औषधाच्या पुड्या घेऊन उठता उठता, आवाज खाली करून, मुख्य गोष्ट बाहेर पडते. अशा वेळी आपल्यापैकी बहुतेकांच्या तोंडून ठरावीक उत्तर जाते. दोन वेळा स्नान करा, उटणे लावा, सुती कपडे वापरा. हा सल्ला चुकीचा नाही. परंतु जो रुग्ण हे सर्व आधीच करून थकला आहे, त्याला तोच सल्ला पुन्हा देणे म्हणजे ‘तू अस्वच्छ आहेस’ असे सुचविणे होय. असा रुग्ण पुन्हा आपल्याकडे येत नाही.

शरीरदौर्गंध्य हे लक्षण आहे आणि प्रत्येक लक्षणाप्रमाणे त्याचेही हेतू वेगळे असतात. ते हेतू वेगळे कसे काढावेत, कोणत्या रुग्णाला आपल्या चिकित्सेचा लाभ होतो आणि कोणाला पुढे पाठविणे आवश्यक असते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. माझ्या हातून झालेली एक चूकही व्यवसायबंधूंच्या उपयोगी पडावी म्हणून येथे नमूद करीत आहे.

शास्त्राधार

स्वेद हा मेदोधातूचा मल आहे. चरकाचार्यांनी स्वेदवह स्रोतसाची मूलस्थाने मेद व लोमकूप ही सांगितली आहेत, तर अतिव्यायाम, अतिसंताप, शीतोष्णाचे क्रमरहित सेवन आणि क्रोध, शोक, भय हे त्याच्या दुष्टीचे हेतू म्हणून दिले आहेत. शारीर हेतूंबरोबर मानस हेतूही गणले आहेत, हे येथे लक्षात ठेवावे.

दौर्गंध्याचा उल्लेख निरनिराळ्या संदर्भांत येतो. सूत्रस्थानातील अष्टौनिंदितीय अध्यायात अतिस्थूल पुरुषाच्या आठ दोषांमध्ये दौर्गंध्य व स्वेदाबाध ही दोन्ही आहेत. महारोगाध्यायात पित्ताच्या चाळीस नानात्मज विकारांत अतिस्वेद व अंगगंध मोजले आहेत. प्रमेहाच्या पूर्वरूपांत स्वेद व अंगगंध आहेत. विमानस्थानात पित्तप्रकृतीचे वर्णन करताना, पित्ताच्या विस्र गुणामुळे काख, मुख, शिर व शरीर यांना गंध अधिक येतो असे म्हटले आहे. म्हणजेच हाच गंध एका व्यक्तीत प्रकृतीचा भाग असतो, दुसऱ्यात मेदोदुष्टीचे लक्षण असतो आणि तिसऱ्यात येऊ घातलेल्या प्रमेहाची सूचना असतो. या तिघांना एकच चूर्ण देणे शास्त्रसंमत नाही.

आधुनिक शरीरक्रियेचा विचार

त्वचेत स्वेदग्रंथी मुख्यतः दोन प्रकारच्या असतात. एक्राइन ग्रंथी सर्वांगावर असून त्यांचा स्वेद पाण्यासारखा असतो व शरीर थंड ठेवतो. ॲपोक्राइन ग्रंथी प्रामुख्याने काख, जांघ व स्तनाग्राभोवती असतात आणि यौवनारंभानंतर कार्यरत होतात. म्हणूनच ही तक्रार बालवयात क्वचित आढळते. ताजा स्वेद जवळजवळ निर्गंध असतो. त्वचेवरील कोरिनेबॅक्टेरियम, स्टॅफिलोकोकस इत्यादी जीवाणू त्यातील घटकांचे विघटन करून उग्र वासाची आम्ले व गंधकयुक्त द्रव्ये तयार करतात. स्वेदाचे प्रमाण, त्याचे घटक आणि त्वचेवरील जीवाणू या तिहींवर गंध अवलंबून असतो. स्नानाने यांपैकी तिसऱ्यावरच, तोही काही तासांपुरता, परिणाम होतो.

यात जन्मजात भागही आहे. कानातील मळ ओला की कोरडा हे ठरविणारे जनुक जपानी संशोधकांनी २००६ मध्ये दाखवून दिले. त्याच जनुकाचा काखेच्या गंधाशी संबंध असल्याचे पुढे स्पष्ट झाले. कोरडा मळ असणाऱ्यांच्या काखेला गंध फार कमी असतो. प्रकृतिजन्य गंधाची आपली कल्पना यापासून दूर नाही.

घ्राणपरीक्षा आणि तीन प्रश्न

विमानस्थानाच्या चौथ्या अध्यायात रुग्णपरीक्षेचा विचार करताना रस अनुमानाने जाणावा, परंतु रुग्णाच्या शरीरातील प्राकृत-वैकृत गंध घ्राणेंद्रियाने तपासावेत असे सांगितले आहे. इंद्रियस्थानातील पुष्पितक अध्याय तर गंधावरच आधारलेला आहे. नाडी पाहणारे आपण सर्वजण आहोत; घ्राणपरीक्षा मात्र संकोचामुळे मागे पडली आहे.

संकोच टाळण्यासाठी सोपी पद्धत आहे. रुग्णाने दिवसभर अंगात घातलेला सुती गंजीफ्रॉक किंवा ब्लाउज झाकणाच्या स्वच्छ डब्यात घालून आणावा. तपासणीच्या वेळी काख, मान, जांघ व पायाची बोटे येथे कोरडी जाळीची पट्टी फिरवून प्रत्येक पट्टी वेगळी हुंगावी. स्त्री रुग्णाच्या बाबतीत परिचारिकेची किंवा घरातील वडीलधाऱ्या स्त्रीची मदत घ्यावी. मुख व नासिका वेगळी तपासावीत.

यासोबत तीन प्रश्न विचारावेत.

१. वास कोणाला येतो? रुग्णाला स्वतःला, की घरच्यांनाही? कोणी स्पष्ट शब्दांत सांगितले आहे, की इतरांच्या वागण्यावरून रुग्णाने अनुमान केले आहे?

२. वास कोठून येतो? काख, पाय, मुख, नाक, गुह्यभाग, की श्वास, घाम व मूत्र या तिन्हींतून?

३. वास केव्हा येतो व केव्हा नसतो? घामाबरोबर, रागाबरोबर, मासिक पाळीच्या आसपास, की विशिष्ट आहारानंतर? वास अजिबात नव्हता असा काळ होता का?

यांतील शेवटचा उपप्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. तो मी एका रुग्णेला सहा महिने विचारला नाही.

भेदनिदान

स्थानिक त्वग्विकार : काखेतील केसांवर पिवळसर कणांचे थर बसणे, जांघेत तपकिरी चट्टे येणे, तळपायावर सुईने टोचल्यासारखे खड्डे पडून उग्र वास येणे, हे सर्व जीवाणुजन्य विकार आहेत. वरवर पाहता ते घामोळे किंवा गजकर्ण वाटतात. काखेत वारंवार गाठी होऊन स्राव होत असेल तर त्वचारोगतज्ज्ञाचे मत घ्यावे. लहान मुलाच्या अंगाला अचानक घाण वास येऊ लागला, विशेषतः एकाच नाकपुडीतून स्राव असेल, तर नाकात चिंच, मणी किंवा फोमचा तुकडा अडकला आहे का हे प्रथम पाहावे. दंतमूल, टॉन्सिल व पीनस यांचा वास ‘अंगाचा वास’ म्हणून सांगितला जातो. स्त्रियांमध्ये योनिस्रावाला माशासारखा वास असल्यास तो स्वतंत्र विकार असून त्याची तपासणी व उपचार वेगळे आहेत.

मेदोदुष्टी व पित्तवृद्धी : स्थौल्य, मांड्या-काखा-पोटाच्या वळ्यांत ओलावा, अल्प श्रमाने घाम, अतिक्षुधा ही लक्षणे असल्यास निदान सोपे आहे. आपल्या चिकित्सेचा सर्वाधिक लाभ याच गटाला होतो.

आंतर व्याधी : अंगगंध नव्याने सुरू झालेल्या चाळिशीतील रुग्णाची रक्तशर्करा तपासल्याशिवाय औषध देऊ नये. श्वासाला सडक्या फळासारखा वास, तहान, उलट्या व ग्लानी असलेल्या मधुमेहीला तातडीने रुग्णालयात पाठवावे. मूत्रासारखा वास वृक्कविकारात, तर कुबट-गोडसर वास यकृताच्या गंभीर विकारात येतो. वजन घटणे, हात थरथरणे व अतिस्वेद असल्यास थायरॉइडची तपासणी आवश्यक आहे. रात्री अंथरूण भिजविणारा घाम, ज्वर व कास असल्यास क्षयाचा विचार करावा.

आहार व द्रव्यजन्य गंध : लसूण, हिंग, कांदा यांचा गंध श्वासातून व घामातून येतो. मेथीदाण्याच्या नित्य सेवनाने घामाला व मूत्राला गोडसर वास येतो. मधुमेहासाठी मेथी घेणाऱ्यांनी हे सांगितल्यास घाबरू नये. याच गटात चयापचयाचा एक जन्मजात विकार येतो. त्याचे विवेचन पुढील रुग्णवृत्तात केले आहे.

रुग्णवृत्त

सुमारे आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या किनारी तालुक्यातील चोवीस वर्षांची अविवाहित तरुणी, कृश, खासगी बालवाडीत शिक्षिका. यौवनारंभापासून अंगाला वास. दिवसातून तीन वेळा साबण लावून स्नान. दोन ठिकाणी ठरत आलेले लग्न मोडले होते. शाळेतील एका पालकाने मुलांसमोर काही बोलल्यापासून तिने नोकरी सोडण्याचे ठरविले होते. आई सोबत होती आणि वास आपल्यालाही येतो असे तिने स्पष्ट सांगितले.

मी पित्तप्रकृती व स्वेदवह दुष्टी असे निदान केले. उटणे, सारिवाद्यासव, शरद ऋतूत मृदू विरेचन असा क्रम ठेवला. रुग्णा कृश म्हणून बृंहणार्थ रोज दोन अंडी व सोयाबीनच्या पिठाची भाकरी सांगितली. सहा महिन्यांत वास कमी तर झाला नाहीच, उलट वाढला. मी पथ्य नीट पाळत नसल्याचा दोष तिला दिला. ती रडली नाही, काही बोललीही नाही. पुढचे दोन महिने आलीच नाही.

पुढे आई एकटी आली. बोलता बोलता म्हणाली, “श्रावणात आमच्याकडे मासे बंद असतात. तेव्हा हिला वास नसतो, बघा.” एवढ्या एका वाक्याने निदानाची दिशा बदलली.

काही व्यक्तींत यकृतातील एफएमओ-३ हे विकर जन्मतः दुर्बल असते. आहारातील कोलीन, कार्निटीन आणि समुद्री मासळीतील ट्रायमिथाइलअमाईन ऑक्साइड यांपासून आतड्यातील जीवाणू ट्रायमिथाइलअमाईन तयार करतात. शिळ्या मासळीचा वास येतो तो याच द्रव्याचा. निरोगी यकृत त्याचे निर्गंध द्रव्यात रूपांतर करते. या रुग्णांत ते तसेच राहून घाम, श्वास व मूत्र यांवाटे बाहेर पडते. या विकाराला ट्रायमिथाइलअमिन्युरिया म्हणतात. हे नाव १९७० मध्ये वैद्यकीय वाङ्मयात आले व १९९७ मध्ये जनुकीय कारण सिद्ध झाले. आई-वडील दोघांकडूनही सदोष जनुक आल्यास विकार प्रकट होतो. तो विरळ आहे, संसर्गजन्य नाही आणि अस्वच्छतेशी त्याचा संबंध नाही. मासिक पाळीच्या आसपास, मानसिक ताणात व घाम आल्यावर वास वाढतो. मधल्या काळात तो पूर्णपणे नाहीसा होऊ शकतो. त्यामुळे आपल्या दवाखान्यात त्या दिवशी वास आला नाही, एवढ्यावरून रुग्ण खोटे बोलतो असे मानू नये. शिवाय काही व्यक्तींना हा विशिष्ट गंध जन्मतःच जाणवत नाही. असा माणूस वैद्यही असू शकतो.

मी बृंहणासाठी दिलेले अंड्याचे बलक व सोयाबीन हे दोन्ही कोलीनने समृद्ध पदार्थ. म्हणजे रोगाचे इंधन माझ्याच पथ्यपत्रिकेत होते. रुग्णेची मी क्षमा मागितली व मोठ्या शहरातील चयापचय-विकार तज्ज्ञांकडे पाठविले. नेहमीचा आहार चालू असताना घेतलेल्या मूत्राच्या तपासणीत हे द्रव्य वाढलेले आढळले. ही तपासणी मोजक्याच प्रयोगशाळांत होते, म्हणून नमुना तज्ज्ञांच्या सूचनेनुसारच पाठवावा.

ग्रंथांत या विकाराचे स्वतंत्र नाव नाही आणि ओढूनताणून एखाद्या नावाशी संगती लावण्याचे कारणही नाही. निदानपरिवर्जन, म्हणजे हेतूचा त्याग, हे आपले पहिले चिकित्सासूत्र येथे पूर्णपणे लागू पडते. समुद्री मासळी, कोळंबी, कुर्ल्या, माकूळ व सुकी मासळी बंद केली. अंड्याचा बलक, यकृत-वृक्कादी मांस, सोयाबीन, शेंगदाणे व वाटाणे कमी केले. कोबी-फुलकोबी हे पदार्थ या विकराचे कार्य मंदावू शकतात, म्हणून तेही मर्यादित ठेवले. कोलीन हा शरीराला आवश्यक घटक आहे. गर्भिणी, स्तनदा व बालके यांच्यात असे निर्बंध आहारतज्ज्ञाच्या देखरेखीशिवाय कधीही घालू नयेत.

दुसरा बदल साबणाचा. ट्रायमिथाइलअमाईन क्षारधर्मी आहे. आम्लाशी संयोग झाला की त्याचा उडून जाणारा वास थांबतो व ते पाण्यात सहज धुऊन जाते. मासळी साफ केल्यावर आपल्याकडे बायका हाताला लिंबू किंवा कोकम चोळतात, त्यामागे हेच तत्त्व आहे. नेहमीचा साबण क्षारीय असतो. त्याने तीनदा अंग घासल्याने तिचा हेतू साध्य होत नव्हता, त्वचा मात्र कोरडी पडली होती. सामू ५.५ ते ६.५ असलेला सौम्य द्रव साबण दिला आणि स्नान दोन वेळांवर आणले.

रोग बरा झाला असा दावा नाही. तो जन्मजात आहे. परंतु वास बहुतांश दिवस जाणवेनासा झाला. पाळीच्या दिवसांत थोडा असतो. नोकरी तिने सोडली नाही. निदानाचा कागद मुख्याध्यापिकांना स्वतः नेऊन दाखविला, हे तिच्या आईकडून कळले.

वास कोणालाच येत नसेल तेव्हा

आणखी एक गट असा आहे, की रुग्ण वासाची खात्री देतो, परंतु वारंवार तपासूनही वैद्याला, घरच्यांना किंवा मित्रांना तो येत नाही. समोरच्याने नाकाला हात लावला, खिडकी उघडली, कोणी खोकले, की ते आपल्यामुळेच असे त्याला वाटते. तासन्तास स्नान, दिवसातून अनेकदा कपडे बदलणे, एसटीने जाणे टाळणे, एका डॉक्टरकडून दुसऱ्याकडे जाणे असा क्रम चालतो. हा मान्यताप्राप्त मानसविकार असून जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या रोगवर्गीकरणात त्याला स्वतंत्र स्थान आहे. यात आत्महत्येचा धोका असतो.

‘हे तुमच्या मनाचे खेळ आहेत’ असे म्हणू नये आणि समजूत म्हणून वासाचे औषधही देऊ नये. औषध दिले की वास आहे यावर आपलीच मोहोर उमटते. ‘मला वास आला नाही, पण तुमचा त्रास खरा आहे आणि त्यावर उपचार आहेत’ एवढे सांगून मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवावे. जीव नकोसा होतो का, हे स्पष्ट शब्दांत विचारावे. विचारल्याने तसा विचार रुग्णाच्या मनात नव्याने येत नाही. केंद्र शासनाची २०२२ मध्ये सुरू झालेली टेलि-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे. तो क्रमांक दवाखान्यात लावून ठेवावा. मात्र वर सांगितल्याप्रमाणे मधूनमधून येणारा वास आधी वगळावा. घाईने कोणाला मनोरुग्ण ठरविणे हाही अपराधच होय.

सामान्य चिकित्सा

मेद-पित्तजन्य दौर्गंध्यात पुढील क्रम उपयुक्त ठरतो.

बाह्य उपचार : सूत्रस्थानाच्या आरग्वधीय अध्यायात दोन योग आहेत. शिरीष, लामज्जक, नागकेशर व लोध्र यांचे चूर्ण त्वग्दोष व अतिस्वेदावर कोरडे घासण्यासाठी आहे. तमालपत्र, सुगंधी वाळा, लोध्र, उशीर व चंदन यांचा प्रदेह शरीरदौर्गंध्यावर सांगितला आहे. चूर्ण वस्त्रगाळ असावे. ते त्वचेवर भेगा, पुरळ किंवा नुकतेच केस काढलेले असताना वापरू नये. प्रथम हाताच्या आतील बाजूस लावून एक दिवस पाहावे.

आभ्यंतर उपचार : स्थौल्यात गुडूची, भद्रमुस्ता, त्रिफळा, तक्रारिष्ट व मध यांचे प्रयोग चरकोक्त आहेत. बल, अग्नी व काल पाहून योजना करावी. पित्ताधिक्यात उशीरासव, चंदनासव यांचा विचार करावा व शरद ऋतूत योग्य रुग्णाला विरेचन द्यावे. मधुमेहीला आसव-अरिष्टे व मध देताना शर्करेचे भान ठेवावे.

वस्त्रविचार : पॉलिएस्टरच्या कपड्यांत वास सुतीपेक्षा अधिक साचतो. कोकणात पावसाळ्यात कपडे घरात दांडीवर अर्धवट वाळतात, त्यांच्यात जीवाणू वाढतात आणि अंगाच्या उबेने तो कुबट वास पुन्हा येतो. अनेकदा दोष अंगाचा नसून कपड्याचा असतो. गरम पाण्यात धुऊन, पूर्ण वाळवून, इस्त्री करून पाहावे.

औषधालय-चालकांसाठी

सुगंधी डिओडरंट वास झाकतो किंवा जीवाणूंवर काम करतो. अँटीपर्स्पिरंट हे ॲल्युमिनियमच्या क्षारांनी घाम कमी करते. दोन्ही एकच समजून विकले जातात. दुसरे रात्री, कोरड्या काखेत लावल्यास अधिक काम करते. ओल्या काखेत टाल्कम पावडर थापल्याने केवळ गोळे होतात.

व्यायामशाळेत जाणाऱ्या तरुणाला अंगाला माशासारखा वास येत असेल तर तो एल-कार्निटीन, कोलीन किंवा लेसिथिन असलेले पूरक घेतो का, हे विचारावे. ते बंद केल्यावर वास गेला तर निदान झाले.

कच्च्या मालात नागकेशराच्या नावाखाली सुरंगीच्या कळ्या येतात. लोध्र व चंदनातही भेसळ असते. शरीरदौर्गंध्याचा योग निष्फळ ठरण्याचे कारण कधी कधी आपल्या बरणीतच असते.

तिसऱ्यांदा तेच उत्पादन मागणाऱ्या ग्राहकाला चौथी बाटली देण्याऐवजी, ‘वास केव्हा नसतो?’ हा प्रश्न बाजूला घेऊन, हळू आवाजात विचारावा व वैद्याकडे पाठवावे.

उपसंहार

स्वच्छता पाळूनही दुर्गंधी राहते तेव्हा स्वच्छतेचा उपदेश संपतो आणि निदानाचे काम सुरू होते. प्रकृती, मेदोदुष्टी, स्थानिक विकार, आंतर व्याधी, आहार व मन या सहा वाटा आहेत. कोणती वाट आहे हे घ्राणपरीक्षा व तीन प्रश्न यांनी बहुधा कळते. माझ्या रुग्णेच्या बाबतीत उत्तर तिच्या आईजवळ पहिल्या दिवसापासून होते. मी ते विचारले नव्हते. व्यवसायबंधूंनी ते विचारावे, एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच.